भेसळीची धाड ठीक, पण कासेची तपासणी कोण करणार?

दुधाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टींवर बोलणं होतं, भाव आणि भेसळ. मार्च २०२३ मध्ये तबेल्याच्या म्हशीच्या दुधाचा घाऊक भाव ८० वरून ८५ रुपये झाला तेव्हा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत बोंबाबोंब झाली. धाड पडली की दूध ओतून देतानाचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. पण आजारी कासेचं दूध कॅनमध्ये जातंय का, हे कुणी विचारलंय?

गावाकडे या रोगाला दगडी म्हणतात, कास दगडासारखी कडक होते म्हणून. ती निदान दिसते तरी. खरी भानगड सुप्त स्तनदाहाची. कास ठीक, दूध पांढरंशुभ्र, आणि आत जंतू ठाण मांडून. त्यांच्याशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या दुधात उतरतात. निरोगी गाईच्या दुधात मिलिलिटरला साधारण लाखाच्या आत पेशी असतात. दोन लाखांवर गेल्या की संशय घ्यायचा. युरोपात गाईच्या कच्च्या दुधाला सरासरी ४ लाखांची मर्यादा आहे, अमेरिकेत साडेसात लाखांची. आपल्याकडे पैसे कशावर? फॅट आणि एसएनएफवर. मग पेशी मोजेल कोण आणि कशाला?

बरं, ही तपासणी काही रॉकेट सायन्स नाही. चार वाट्यांचं प्लास्टिकचं पॅडल घ्यायचं, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या वाटीत, त्यात तेवढंच साबणासारखं द्रावण, आणि गोल फिरवायचं. पेशी जास्त असतील तर दूध शेंबडासारखं घट्ट होतं. १९५७ पासून जगभर वापरात आहे ही सीएमटी चाचणी.

"आम्ही उकळून पितो", हे उत्तर ठरलेलं. उकळल्याने जंतू मरतात, पण प्रतिजैविकांचा अंश बराचसा तसाच राहतो. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये तो मर्यादेबाहेर निघाला. थोडे आहेत, मान्य. पण रोग उशिरा कळला की इंजेक्शनं वाढतात, हा सरळ हिशेब आहे. आणि मुळात त्या मुक्या जनावराला दुखतंय, तेवढं कारण पुरेसं नाही का?

आता आरे बघा. १९४९ मध्ये दारा खुरोडींनी शहरातले तबेले तिथे नेले ते स्वच्छ दुधासाठीच. १८८६ पासूनचं आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला आहे, त्याचा आवार आरेतही आहे. कारशेडवर भांडलो, बिबट्यावर भांडलो (भांडायलाच हवं होतं), पण ज्यांच्यासाठी वसाहत झाली त्या म्हशींवर चकार शब्द नाही.

शहरात गुरं पाळायला १९७६ च्या कायद्याने परवाना लागतो. त्याच परवान्यात दरमहा सीएमटीची अट घाला. तबेलेवाल्यांना नुसता दंड लावलात तर ते लपवतील, म्हणून आधी कमी पेशींच्या दुधाला लिटरमागे जास्त भाव द्या. त्यांचाही फायदाच आहे, दुखरी कास दूध कमी देते. म्हशीला गाईची मर्यादा जशीच्या तशी लावू नका, तिचा आकडा महाविद्यालयाने ठरवावा.

आरेतल्या एका युनिटमध्ये तीन महिने करून बघा आणि निकाल फाटकावर लावा. आमदारांना खाली टॅग करतोय, तुम्हीही करा.