लेकराचा श्वास मोजा



कापूस वेचणीच्या दिवसांत अमरावती-अकोल्याकडची आई पहाटेच उठते. चूल, डबे, मग शेत. लेकरू आजीजवळ. थंडीने त्याचे नाक वाहते, खोकला येतो. "सर्दीच आहे, जाईल," म्हणून आपण दोन दिवस काढतो. बहुतेक सर्दी जातेही. पण एखाद्या लेकराला तो न्यूमोनिया असतो. जुनी माणसे त्याला 'डब्बा' म्हणतात. मग कोणी पोटावर डागते, कोणी अंगारा लावते. तेवढ्यात औषधाची वेळ निघून जाते.

हा आजार ओळखायला घड्याळ पुरते. लेकरू शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचे झबले वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पोट वर येऊन खाली गेले की एक. रडताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

हे आम्ही मनाने सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावातल्या माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकविले. अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मण्यांचे श्वासमोजणी यंत्र केले. त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी आढळले. १९९० साली हे जगापुढे आले. त्या दायांना जमले, ते आपल्याला का जमू नये?

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, लेकरू दूध घेत नाही, सुस्त पडते, ओठ निळे होतात, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ची गाडी बोलवा. तान्ह्या बाळाला ताप नसला, उलट अंग गार पडले, तरी धोका समजा. मेडिकलमधून मनाने सिरप आणू नका. डॉक्टरांनी दिलेले औषध मधेच सोडू नका.

आजार टाळण्यासाठी सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती द्यावी. चुलीच्या धुरात लेकरू ठेवू नका. दार लावून शेगडी पेटवून झोपू नका, त्या वायूने जीव जातो. ६ डिसेंबरला मुंबईला निघताना लेकरू सोबत असेल तर टोपी, मोजे, जास्तीची गोधडी घ्या. खोकणाऱ्याच्या मांडीवर ते देऊ नका.

आज रात्री लेकरू झोपले की एकदा मोजून पाहा. निरोगी श्वास कसा चालतो ते कळले, की बिघडलेला लगेच ओळखू येईल. आणि घरच्या आजीलाही शिकवा, कारण दिवसभर लेकरू तिच्याजवळच असते.