धावणारा हिरवा माणूस

गेल्या दिवाळीनंतर आईला घेऊन हैदराबादला भावाकडे निघालो. चोर्ला घाट उतरून दाबोळी गाठली. आईचं वय चौऱ्याहत्तर आणि विमानाची ही पहिलीच वारी. पायाशी पिशवीत नातवासाठी घेतलेला कुंद्याचा डबा.

विमानात सुरक्षेच्या सूचना सुरू झाल्या. आम्ही सगळे मोबाईलमध्ये. आई मात्र कीर्तनाला बसल्यासारखी ऐकत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "दारावरचा तो हिरवा माणूस कुठं पळतोय रे?"

मी सांगितलं, "तो बाहेर पडायची वाट दाखवतो." आईला इंग्रजी येत नाही, पण पळणारा माणूस तिला कळला. पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून आपल्या भागात काय काय झालं, ते वाचकांना सांगायला नको. या पाटीला भाषाच नाही. 1972 साली ओसाकातल्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतीला आग लागून 118 माणसं गेली. अशा आगींनंतर जपानमध्ये ही खूण तयार झाली आणि तिथून जगभर गेली.

मग आईचं लक्ष खाली गेलं. "जमिनीवर पट्ट्या कशाला?"

त्यामागेही दुःखच आहे. 2 जून 1983 रोजी एअर कॅनडाच्या विमानात आग लागली. विमान अमेरिकेत सिनसिनाटीला उतरलंही, पण 46 पैकी 23 जण बाहेर येऊ शकले नाहीत. धूर वर चढतो, त्यात वरच्या पाट्या झाकल्या जातात. त्यानंतर अमेरिकेत जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे सक्तीचे झाले.

आई क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "तसं काही झालं तर तू पुढं हो. माझे गुडघे हे असे. माझ्यासाठी थांबू नकोस."

घशात काहीतरी अडकलं. मी म्हटलं, "आपण आधी खुर्च्या मोजू." मागचं दार सहा रांगांवर होतं, पुढचं अकरा. जवळचं दार पाठीमागेही असू शकतं, हे इतक्या प्रवासांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आईचा हात धरून म्हटलं, "मागं सहा. अंधारातसुद्धा हाताने मोजत जायचं. दोघांनी."

"आणि कुंदा?"

"तो इथंच राहील."

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी आतले सर्व 379 जण बाहेर आले. प्रवाशांनी सूचना पाळल्या, सामानासाठी वाट अडवली नाही.

आमचं विमान सुखरूप उतरलं, नातवाला कुंदा मिळाला. परतीच्या प्रवासात मी मोबाईल काढला, तर आईने कोपराने ढोसलं. "आधी मोज."

मोजलं. या खेपेला पुढे चार.