असृग्दरात धमनीचाही विचार व्हावा

‘अंगावर फार जाते’ असे सांगत आलेल्या स्त्रीस अशोकारिष्ट व पुष्यानुग चूर्ण देणे, हा आपल्या व्यवसायातील नित्याचा परिपाठ होय. परंतु थोड्या स्त्रियांत या स्रावाचे मूळ रक्तवाहिनीच्या रचनेतच असते. जेसल पार्क परिसरातील वैद्यबंधू-भगिनींचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष त्याकडे वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गर्भाशयाच्या भिंतीत धमनी व सिरा केशवाहिन्यांवाचून थेट जोडल्या जातात, ती ही विकृती. 1926 साली तिचे प्रथम वर्णन झाले. ‘फिगो’च्या 2011 च्या नऊ गटांच्या वर्गीकरणात ती अगदी शेवटच्या गटात येते, म्हणूनच ती सहसा आठवत नाही. क्वचित ती जन्मजात असते. बहुधा गर्भपात, क्युरेटिंग वा सिझेरियननंतर उद्भवते. स्राव एकाएकी, जोराने सुरू होतो. अशा वेळी ‘पिशवी साफ’ केल्यास तो आटोक्याबाहेर जाऊन प्राणावर बेतू शकते.

सुश्रुताचार्यांनी रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले असून, एक निष्फळ ठरल्यास दुसरा योजावा असा क्रमही दिला आहे. तेव्हा गुण येत नसता तेच स्तंभन महिनोन्‌महिने चालू ठेवणे शास्त्रासही धरून नाही. आज धमनीतून सूक्ष्म नळी नेऊन सदोष वाहिनी बंद करता येते व गर्भाशय राखता येते.

आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच : स्त्रीस एकांतात विचारावे, अलीकडे प्रसूती, गर्भपात वा क्युरेटिंग झाले काय? गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या काय? उत्तर होकारार्थी असल्यास गर्भधारणा चाचणी, हिमोग्लोबिन व कलर डॉपलर सोनोग्राफी करवून घ्यावी. तासागणिक पॅड भिजत असल्यास किंवा घेरी येत असल्यास औषध न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. चिठ्ठीत पूर्वेतिहास लिहून, ‘क्युरेटिंगपूर्वी डॉपलर व्हावे’ अशी विनंती जोडावी.

डॉपलरवर दिसणारा प्रत्येक वाढीव रक्तप्रवाह ही विकृती नव्हे. गर्भपातानंतरचा पुष्कळदा आपोआप ओसरतो. तो निर्णय तज्ज्ञांचा. मात्र पहिला प्रश्न विचारण्याचे उत्तरदायित्व, जिच्याकडे रुग्णा प्रथम येते त्या आपल्या पेढीचे व दुकानाचेच आहे.