लॅपटॉप कोणी उघडावा?

लॅपटॉप बिघडला की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक पक्ष म्हणतो, यंत्र नाजूक आहे, झाकण उघडायचे ते सर्व्हिस सेंटरनेच. दुसरा म्हणतो, व्हिडिओ पाहून सगळे घरी जमते, दुकानदार उगाच पैसे उकळतात. दोघांची चूक एकच: बिघाड कशात आहे हे पाहण्याआधीच ते निकाल देऊन मोकळे होतात.

पहिल्या पक्षाची सारी भिस्त वॉरंटीवर असते. झाकण उघडले की वॉरंटी गेली, हा समज सरसकट खरा नाही. डेल, लेनोव्हो, एचपी या कंपन्या अनेक मॉडेल्सची सर्व्हिस मॅन्युअल आपल्या संकेतस्थळांवर मोफत ठेवतात. कोणता स्क्रू आधी काढायचा हे त्यांत चित्रांसह दाखवलेले असते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले. मात्र उघडताना झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. म्हणून वॉरंटी चालू असेल तर कंपनीचेच दार ठोठावावे. मोफत होणारे काम अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

दुसऱ्या पक्षाला व्हिडिओतली सफाई दिसते, त्यामागचा सराव दिसत नाही. कीबोर्डची रिबन केबल सॉकेटमधून ओढून निघत नाही. आधी नखाने सॉकेटची इवलीशी पट्टी उचलावी लागते. ती तुटली की साध्या सफाईचे रूपांतर मोठ्या खर्चात होते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो खालच्या भागात घुसतो. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी उचकटताना टोचली गेली तर पेट घेऊ शकते. मदरबोर्डवरची जळालेली चिप बदलायला तर हॉट एअर, मायक्रोस्कोप आणि मुरलेला हात लागतो.

तेव्हा निर्णय बिघडलेल्या भागावरून करावा. रॅम किंवा एसएसडी सुट्या स्लॉटमध्ये असेल तर मॅन्युअल पाहून, चार्जर काढून, बॅटरीचे कनेक्शन सोडवून ती घरी बदलता येते. अलीकडच्या मॅकबुकसारख्या यंत्रांत रॅम कायमची जोडलेली असते. तिथे हा प्रश्नच उरत नाही. पंख्यातली धूळही घरी काढता येते, फक्त हवा मारताना पाते बोटाने अडवून धरावे. पाणी सांडलेले यंत्र, फुगलेली बॅटरी आणि मदरबोर्ड यांना मात्र घरी हात लावू नये.

व्यावसायिकही एकाच प्रकारचे नसतात. अधिकृत केंद्र बहुधा अख्खा मदरबोर्ड बदलून देते, आणि जुन्या यंत्राला तो खर्च परवडत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात चिप लेव्हलचे काम करणारे कारागीर नेमका बिघडलेला भाग बदलतात. तिथे खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि काढलेला जुना भाग परत मागावा.

थोडक्यात, सुटे ते घरी, सोल्डर केलेले ते कारागिराकडे आणि वॉरंटीतले ते कंपनीकडे. शक्य असेल तर यंत्र कोणाच्याही हाती देण्यापूर्वी, स्वतःच्या हातीसुद्धा, डेटाचा बॅकअप घ्यावा; भाग बाजारात मिळतात, गेलेल्या फायली मिळत नाहीत.