कुत्रा माराने शहाणा होत नाही



या आठवड्यात कसालच्या एका ताईंचे पत्र घेतो. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जिथे फुटतो, ते हे कसाल. ताईंचे घर त्या मालवण रस्त्याला लागूनच आहे. काजूच्या बागेत माकडांचा फार उपद्रव, म्हणून त्यांनी गावठी कुत्र्याचे पिल्लू आणले. नाव ठेवले मोती. मोती आता आठ महिन्यांचा झाला आहे आणि घरात रोज त्याच्यावरून भांडण आहे. पंधरा दिवसांत त्याने दोन कोंबड्या मारल्या. रस्त्याने मोटारसायकल गेली की गडग्यावरून उडी मारून तिच्या मागे लागतो. मामंजींनी मेलेली कोंबडी त्याच्या नाकाला लावून त्याला शिपटीने चांगलेच झोडपले. "आता हाक मारली तरी येत नाही, जवळ गेले तर गुरगुरतो," असे ताई लिहितात. सासूबाईंनी निकाल दिला आहे, "ह्येका खंय तरी लांब नेवन सोडूक व्हया." भाताची लावणी आटोपली की मोतीला पोत्यात घालून नेणार. ताईंचा दुसरीतला मुलगा मात्र तेव्हापासून मोतीजवळून हलत नाही.

ताई, मामंजींचा राग समजण्यासारखा आहे. अंडी देणारी कोंबडी गेली की घराचे नुकसान होतेच. पण त्या मारातून मोती काय शिकला, ते पाहू. कोंबडी मेली सकाळी आणि मार बसला दुपारी. कुत्रा आपल्या कृतीची आणि तिच्या फळाची सांगड घालतो ती त्याच घटकेला. चार तासांपूर्वीच्या कोंबडीसाठी हा मार आहे, हे त्याला समजायला वाट नाही. त्याला समजले ते एवढेच : हाक ऐकून माणसाजवळ गेलो आणि पाठ फुटली. तेव्हा आता तो येत नाही, यात त्याचा हट्ट नाही. तुम्ही शिकवलेला धडा त्याने बरोबर पाठ केला आहे.

आपण म्हणाल, "छे हो! त्याला आपला गुन्हा ठाऊक असतो. मान खाली घालतो, शेपूट पायात घेतो." याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खाऊ चोरला की नाही याबद्दल मालकांना कधी खरे सांगितले, कधी खोटे. ज्यांनी काहीच खाल्ले नव्हते, तेही मालक रागावल्यावर अपराध्यासारखे दिसले. म्हणजे तो चेहरा गुन्ह्याच्या कबुलीचा नसतो, आपला राग पाहून आलेल्या भीतीचा असतो.

आणि गुरगुरण्याबद्दल घरात सर्वांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गुरगुरणे ही कुत्र्याची आगाऊ सूचना आहे. ती मारून बंद केली तर तो सूचना न देता चावायला शिकतो. घरात लहान मूल असताना हे परवडणार नाही. तो गुरगुरला की मागे सरा, आणि तो कशाला भ्याला ते शोधा.

मग शिकवायचे कसे? आपल्या मुंबई पोलिसांच्या पथकात 'जंजीर' नावाचा लॅब्रॅडोर कुत्रा होता. पुण्याच्या केंद्रात त्याचे शिक्षण झाले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या दिवसांत त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून दिले. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो वारला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. वास काढणारे असे कुत्रे घडवण्याची रीत साधी आहे. कुत्र्याने नेमका वास दाखवला की त्याच क्षणी त्याला आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो. त्याच्या दृष्टीने तो खेळ असतो. जे वागणे फळ देते ते कुत्रा पुन्हा करतो, जे फळ देत नाही ते हळूहळू सोडतो. सगळे शिक्षण या एका सूत्रावर उभे आहे.

आता मोतीचे पाहू.

पहिले काम, बिघडलेली हाक दुरुस्त करणे. उकडलेल्या अंड्याचे किंवा काटे काढून उकडलेल्या बांगड्याचे नखाएवढे तुकडे करून ठेवा. त्यात कांदा-लसूण नको, ते कुत्र्याला बाधते. दोन-चार पावलांवरून प्रेमाने "मोती, ये" म्हणा. आला की लगेच तुकडा द्या. अजून भीत असेल तर तुकडा जमिनीवर टाकून बाजूला व्हा, ओढून घेऊ नका. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटे पुरेत. मग खळ्याच्या टोकावरून, मग बागेतून हाक मारा. घरातल्या सर्वांचा शब्द एकच असावा. एकाने "ये", दुसऱ्याने "हयसर" म्हटले तर बिचारा गोंधळेल. आणि बोलावून कधीही मारू नका, रागावूही नका. तुमची हाक म्हणजे खाऊ, असे त्याला झाले पाहिजे.

दुसरे, कोंबड्या. कोंबडी फडफडत पळाली की तिच्यामागे धावणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे, आणि ती तोंडात आली की त्याला मोठेच फळ मिळाले. म्हणून शिक्षण पुरे होईपर्यंत ती संधीच देऊ नका. तुम्ही समोर नसाल तेव्हा मोती दाव्याला किंवा कोंबड्या खुराड्यात. शिकवताना लांब दावे हातात धरा आणि कोंबड्यांपासून इतके लांब उभे राहा, की त्या त्याला दिसतील पण तो ओढ घेणार नाही. त्याने कोंबड्यांकडे पाहून तुमच्याकडे मान वळवली की शाबासकी आणि तुकडा. दोन-तीन दिवस शांत राहिला तर चार पावले जवळ जा. ओढू लागला तर तुम्ही घाई केलीत असे समजा आणि पुन्हा मागे या. काही कुत्र्यांवर कोंबड्यांच्या बाबतीत कधीच पुरता भरवसा टाकता येत नाही. तसे दिसले तर खुराड्याभोवती जाळी बांधा. दोन कोंबड्यांच्या किमतीपेक्षा जाळी महाग पडणार नाही.

तिसरे, रस्ता. हे सर्वांत धोक्याचे. गाडीमागे धावणारा कुत्रा स्वतः मरतोच, पण मोटारसायकलवाल्यालाही घेऊन पडतो. मोती धावतो आणि गाडी निघून जाते. त्याला वाटते, मीच हाकलली! रोज शंभर गाड्या आणि रोज शंभर वेळा त्याची जीत. शिव्या देऊन वा दगड मारून हे सुटणार नाही. गडग्यावर काटेरी शिरी घालून ती उडीची जागा बंद करा. वर्दळीच्या वेळी त्याला मागच्या पडवीत ठेवा. गाडीचा आवाज येताच, तो उठण्यापूर्वी, "मोती, ये" म्हणून तुकडा द्या. काही आठवड्यांनी गाडीचा आवाज आला की तो तुमच्याकडे पाहू लागेल. पण तोवर त्याला रस्त्याकडे मोकळा सोडू नका.

आणखी एक. जेवताना ताटातला घास कधी देणे, कधी हाकलणे, हे बंद करा. कधीतरी मिळणाऱ्या घासाची आशा सर्वांत चिवट असते. त्याचे जेवण वेगळे, ठरल्या वेळी, ठरल्या भांड्यात. शिजवलेल्या कोंबडीची हाडे घालू नका, ती फुटून घशात, आतड्यात टोचतात. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, त्याला सकाळ-संध्याकाळ बागेत फिरवा. रात्री मात्र बिबट्याच्या भयाने आत, बंद पडवीत घ्या.

येथे एक इशारा. चांगल्या कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला, तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला, उगाच चावू लागला, तर तिथे शिक्षण कामाचे नाही. त्याच्यापासून दूर राहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावून बसू नका. मोतीला रेबीजची लस दिली नसेल तर याच आठवड्यात द्या, नंतर दरवर्षी.

राहिला पोत्याचा प्रश्न. लांब सोडलेला कुत्रा उपाशी फिरतो, अनोळखी गावातले कुत्रे त्याला फाडतात, नाहीतर महामार्गावर त्याचा शेवट होतो. उपासमार होईल अशा रीतीने जनावर सोडून देणे आणि त्याला मारझोड करणे, हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. पण कायदा बाजूला ठेवला, तरी तुमचा मुलगा हे सगळे पाहतो आहे. जे जनावर आपण आणले, ते चुकले की त्याला पोत्यात भरायचे, हाच धडा त्याच्याही मनात राहील.

म्हणून सासूबाईंना माझी एक विनंती सांगा. चतुर्थीपर्यंत मोतीला मुदत द्या. गणपतीला मुंबईकर मंडळी येतील, घर पोरांनी भरेल, तेव्हा घरात शांत कुत्रा हवाच. तोवर तुकड्यांचा डबा मुलाच्या हाती द्या, पण मोती गुरगुरतो आहे तोवर शेजारी मोठे माणूस असू द्या. आणि पहिला तुकडा मामंजींच्या हातून द्या. ज्या हाताने शिपटी धरली त्याच हाताने तो मिळाला, तर मोतीची भीती लवकर जाईल. काय झाले ते मात्र जरूर कळवा.