वेल उतरवण्याचे दिवस

आश्विन लागला की इंदूरच्या मोठ्या परसबागांत धांदल उडते. मांडवावरची शेवटची गिलकी, दोडकी उतरवायची, बियांसाठी राखलेलं गिलकं हलवून आत खुळखुळतंय का ते पाहायचं, मेथी-मटारसाठी वाफे मोकळे करायचे. उपसलेल्या वेलींचा ढीग मात्र फाटकाबाहेर जातो. तो जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

या काडीकचऱ्याचं काय करावं, हे जगाला आपल्याच गावानं शिकवलं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक होते. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली काडीकचऱ्यापासून खत करण्याच्या इथल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिलं आणि ‘इंदूर पद्धत’ देशोदेशी गेली. हॉवर्ड यांचं नाव सगळे घेतात. वाडांचं, निदान मराठी घरांत तरी, घेतलं जावं.

या पद्धतीत पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली गोठ्यातली माती, राख असे थर द्यायचे. ओल हवी, चिखल नको. आत हवा खेळली पाहिजे, म्हणून ढीग अधूनमधून वरखाली करायचा. साधारण तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत तयार होतं. आत्ता रचलेला ढीग पौषात उन्हाळी भाज्यांच्या वाफ्यांना घालता येईल.