वाढत्या मुलाची खोली

अहमदनगराकडील (२०२४ पासून अहिल्यानगर) माळवदाच्या जुन्या वाड्यांत मुलाच्या वाट्यास येते ती बहुधा जिन्याजवळची अरुंद खोली. तींत पलंग व लोखंडी कपाट घातलें कीं मुलास वळावयासही जागा उरत नाहीं. वास्तविक सामान भिंतींतच आहे: फडताळांत पुस्तकें, कोनाड्यांत दिवा. हे कोनाडे बुजविण्याची हौस आम्हांस तरी उमगत नाहीं. गादी दिवसां गुंडाळावी, म्हणजे बैठक मोकळी होते. खुंट्यांची फळी मात्र मुलाच्या हातास पोहोंचेल अशी ठोकावी. शाळकरी मूल दरसाल २ ते २॥ इंच वाढतें, त्या मानानें ती वर घ्यावी. आणि घरांतील जादा अंथरुणें, लोणच्याच्या बरण्या त्या खोलींत ठेवूं नयेत. आम्हीं तेंच केलें. मुलगा जिन्याच्या पायरीवर अभ्यासास बसूं लागला, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.